हक्क केव्हापासून?



माणसाचा हक्क केव्हा सुरू होतो? अडचण आली त्या दिवशी, की त्याने अर्ज टाकला त्या दिवशी? ब्रिटनच्या कायद्याने याचे एकच उत्तर दिलेले नाही. तेथील सरकारी पेन्शन उशिरा मागितले तरी मागील १२ महिन्यांपर्यंतची बाकी मिळू शकते. गरीब वृद्धांचे पेन्शन क्रेडिट ३ महिने मागे जाते. उशीर का झाला, हे कोणी विचारीत नाही. टॅक्स क्रेडिट म्हणजे नावाला करसवलत, प्रत्यक्षात रोख मदत. तीही पूर्वी ३ महिने मागे जाई. २०१२ च्या एप्रिलात ही मुदत ३१ दिवसांवर आली, आणि २०२५ च्या एप्रिलात ती मदतच संपली.

तिची जागा घेणारे युनिव्हर्सल क्रेडिट फार तर एक महिना मागे जाते, तेही कारण पटवले तर. अपंगत्व, दाखल्यासह आजारपण, सरकारी यंत्रणा बंद पडणे, अशी मोजकीच कारणे. ‘मला ठाऊक नव्हते’ हे त्यांत नाही! समजा, एखादा दोन महिने अंथरुणाला खिळला. त्याचे कारण खरे ठरते, पैसे मात्र एका महिन्याचे. आजार खरा, मग दुसरा महिना खोटा कसा? सरकारला हिशेब कोठेतरी मिटवावा लागतो, हे आम्हांस मान्य आहे. पण वृद्धास कारण न विचारणारे सरकार आजारी तरुणापाशी दाखला मागते, हे कोडे आम्हांस उलगडलेले नाही.

अपंगांच्या पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंटला तर मागली तारीखच नाही. फोन करून मागणी नोंदवली, तो दिवस पहिला. तेव्हा आधी फोन करावा, कागद मागाहून जमवावेत.