कोंकणांतील गाईम्हशींचा यकृतकृमि



दिवाळीनंतर अलिबाग, रोहें किंवा मुरूडकडील आपल्या गांवीं गेलांत, तर कोणाच्या तरी गोठ्यांत एखादी रोडावलेली म्हैस दिसण्याचा संभव असतो. पुढें वैरण पडलेली असते, पण अंग भरत नाहीं. केंस राठ, डोळे फिकट, आणि जबड्याखालीं पाणी धरल्यासारखी मऊ सूज. दूध दिवसेंदिवस आटत जातें. घरधनी म्हणतो, दृष्ट लागली असेल; नाहींतर चारा मानवला नसेल. जनावर एकाएकीं मरत नाहीं, म्हणून पशुवैद्याला बोलावण्याची घाईहि कोणी करीत नाहीं.

ह्या क्षीणतेचें एक महत्त्वाचें कारण म्हणजे यकृतांतील चपटा कृमि. आपल्याकडील गाईम्हशींत मुख्यतः आढळणाऱ्या जातीचें शास्त्रीय नांव फॅसिओला जायगँटिका. पानाच्या आकाराचा हा जीव अडीचपासून साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पित्तनलिकांत ठाण मांडून बसतो. त्याचीं अंडीं पित्ताबरोबर आंतड्यांत उतरून शेणावाटे बाहेर पडतात.

आश्चर्य असें कीं, तेंच अंडें दुसऱ्या म्हशीनें गिळलें तरी तिला रोग होत नाहीं. त्याला आधीं पाणी हवें आणि मग गोगलगाय हवी. मेंढ्यांच्या अशाच कृमीचा अभ्यास करून हें कोडें इंग्लंडांत थॉमस यांनीं व जर्मनींत लॉयकार्ट यांनीं १८८३ पर्यंत उलगडलें. पाण्यांत अंडें फुटून निघालेल्या सूक्ष्म डिंभाला सुमारें एका दिवसांत लिम्निया कुळांतील गोगलगाय गांठावी लागते. न गांठली तर तो मरतो. गांठली, तर तिच्या शरीरांत एकाचे शेंकडों होतात. ते बाहेर पडून गवताच्या पात्याला किंवा भाताच्या काडाला चिकटतात व कवच धारण करून जनावराच्या तोंडाची वाट पाहतात.

आतां रायगडचा किनारा डोळ्यांपुढें आणा. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बांधाबांधांनीं अडविलेलीं भातखाचरें, आणि त्यांच्या कडेलाच गोठा! ह्या गोगलगाईला समुद्राचें खारें पाणी मानवत नाहीं. म्हणून भीति खाडीकांठच्या खाजणांची नसून गोड्या पाण्याच्या खाचरांची, तळ्यांची आणि पाटांची आहे. जेथें कालव्यावर उन्हाळी भात होतो, तेथें तर तिला पावसाळा संपल्याची जाणीवच होत नाहीं.

मग उपाय काय? ट्रायक्लाबेंडाझोलसारखें औषध कोवळ्या व प्रौढ अशा दोन्ही कृमींना मारतें. परंतु तीच म्हैस पुन्हां त्याच खाचरांत चरली, तर खर्च पाण्यांत गेला. भातशेतीच्या पश्चिम जावांत संशोधकांना असें दिसलें कीं, गोठ्याचें शेण ज्या खाचरांत उतरतें, तेंच खाचर सर्वांत धोक्याचें असतें. म्हणून ताजें शेण खाचरांत न सोडतां उकिरड्यांत कुजवावें. तेथील उष्णतेनें अंडीं मरतात. भाताचें काड बुडख्याचा ओला भाग टाकून, कडक उन्हांत वाळवून मगच घालावें. कापणीनंतर लगेच गुरें त्या खाचरांत सोडूं नयेत. ह्यांपैकीं एकाहि गोष्टीला पैसा लागत नाहीं.

शहरांतील गृहिणी विचारील, दुधाचें काय? हा कृमि दुधांतून येत नाहीं. मात्र औषध दिलेल्या जनावराचें दूध कांहीं काळ वापरूं नये. किती दिवस, तें पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यावें. आणि पाणथळींतील पाला कच्चा खाऊं नये, कारण त्या वाटेनें हा कृमि क्वचित् माणसालाहि गांठतो.

गांवीं ज्याची एकच म्हैस असते, त्याच्या घरचें मीठमिरचीचें सामान तिच्या दुधावर येतें. तेव्हां पुढच्या खेपेस अशी रोडावलेली म्हैस दिसली, तर दृष्ट काढण्याआधीं तिचें शेण तपासावयास पाठवा, एवढें सांगण्यास विसरूं नका.