वाळूच्या हवाली केलेली ठेव

(ज्युबिली समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी कासवांविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपला गाव समुद्रकाठचा. आम्ही लहान असताना थंडीच्या दिवसांत कासवीची अंडी टोपलीने घरी येत, आणि ती आम्ही आवडीने खाल्ली आहेत. हे कबूल करूनच विषयास आरंभ करतो.

कोकणच्या किनाऱ्यावर विणीसाठी येणारी कासवे बहुतेक ऑलिव्ह रिडले ह्या जातीची. त्यांचा समागम समुद्रातच होतो. मादी नराचे बीज आपल्या शरीरात साठवून ठेवते व एका हंगामात दोन-तीन वेळाही घरटे करू शकते. अंड्यातील जिवास हवा लागते, पाण्यात तो गुदमरतो. म्हणून तिला जमिनीवर यावेच लागते. रात्रीच्या वेळी भरतीच्या रेषेवर चढून वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि परत जाते. तिच्या डोळ्यांतून तेव्हा वाहणारे पाणी दुःखाचे नव्हे. अंगातील जादा मीठ ती तसे बाहेर टाकीत असते. आपल्या पिलांचे तोंड ती कधीच पाहत नाही.

मग ह्या अंड्यांची आई कोण? वाळूच! सुमारे ५० दिवस तीच त्यांना उबविते. एवढेच नव्हे, तर पिलू नर व्हावे की मादी, हेही वाळूचा उष्माच ठरवितो. २९-३० अंश सेल्सियसच्या आसपास दोन्ही निपजतात. त्याहून थंड वाळूत नर, तापलेल्या वाळूत माद्या. उष्मा फारच वाढला तर गर्भ अंड्यातच मरतात. आज पृथ्वीचे तापमान वाढत असता ह्याचा अर्थ काय होतो, हे सुज्ञांस सांगावयास नको. नराविना नुसत्या माद्यांनी वंश चालत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. तेथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरटी राखण्यास प्रारंभ केला. पूर्वी जेथे अंडी विकली जात, तेथे पुढे पिलांचा समुद्रप्रवेश पाहावयास दुरून लोक येऊ लागले. हे काम नाजूक आहे. अंडी हलवावयाचीच तर ती घातल्यापासून थोड्या तासांतच, न उलटविता हलवावी लागतात. कारण गर्भ कवचास आतून चिकटला म्हणजे अंडे फिरविल्याने तो दगावतो. सदिच्छेस ज्ञानाची जोड नसेल, तर तीही घातक ठरते.

कोणी म्हणेल, आपल्या एका किनाऱ्याने काय होणार? ओडिशात गहिरमाथ्यास २०२१ साली खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या कोकणात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्वेचा किनारा व पश्चिमेचा किनारा असे जोडलेले आहेत. एका किनाऱ्याने ठेव बुडविली, तर ती सर्वांचीच बुडते.

आता शेवटचे, आणि आपल्या घरचे. पिले रात्री घरट्यातून एकदम वर येतात आणि जिकडे उजेड, तिकडे धावतात. निसर्गतः काळोख्या रात्री समुद्रावरील क्षितिजच अधिक उजळ असते. पण जमिनीकडे दिवे लागले की ती उलट वस्तीकडे वळतात व कुत्र्यांच्या, कावळ्यांच्या तोंडी पडतात. दिव्यांना बुजून माद्याही अंडी न घालता परत फिरतात. आपली नाताळची रोषणाई आणि विणीचा हंगाम एकाच वेळी येतात, हे ध्यानात घ्या. आनंदाचे दिवे लावा, पण समुद्राकडे तोंड केलेले दिवे रात्री मालवा. कुत्री बांधून ठेवा. घरटे दिसले तर हात न लावता वनखात्यास कळवा. १९७२ च्या कायद्याने अंडी नेणे हा अपराधच आहे.

ज्या हातांनी आम्ही ती टोपली घरी आणली, त्याच हातांनी आता राखण करावी, एवढीच आमची विनंती आहे.