पत्र पावले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा बी. ए.; आयुष्य सरकारी फायलींत गेलेले. अशा माणसाने संगणकांच्या जाळ्याविषयी बोलावे, हे धाडसच होय. परंतु ‘प्रोटोकॉल’ हा शब्द आम्हां सरकारी माणसांना परका नाही. कोणी आधी नमस्कार करावा, कोणी कोणत्या क्रमाने बोलावे, याचे ठरलेले नियम म्हणजे प्रोटोकॉल. संगणकांतही अर्थ तोच.

प्रथम एक घरगुती आठवण. १९९४ साली माझी नेमणूक गुवाहाटीस झाली. वडील साताऱ्याहून दर आठवड्यास पत्र लिहीत व त्याच्या कोपऱ्यात अनुक्रमांक घालीत. मी उत्तराच्या आरंभी ‘आपले क्रमांक अमुकचे पत्र पावले’ असे लिहावे, हा त्यांचा दंडक. मला तो जाचक वाटे. एकदा अकराव्या पत्रानंतर एकदम तेरावे हाती आले. मजकूर नेहमीचाच होता. पण मधला आकडा नव्हता. मी तारेने विचारणा केली. वडिलांनी जवळची नक्कल तातडीने पुन्हा पाठविली. आईच्या शस्त्रक्रियेची तारीख त्या बाराव्या पत्रात होती. मला ती ठाऊकच आहे असे धरून त्यांनी ती पुन्हा लिहिली नव्हती. मी रजा काढून वेळेवर घरी पोहोचलो, तो केवळ त्या आकड्याच्या बळावर.

व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेल्या योजनेतून टीसीपी हा वाहतुकीचा प्रोटोकॉल घडला. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने तो स्वीकारला. त्याचे मर्म वडिलांच्या दंडकाहून निराळे नाही. जाळे स्वतः कसलीही हमी देत नाही. मजकुराची लहान लहान पुडकी वाटेत गहाळ होतात, मागेपुढे पोहोचतात. म्हणून पाठविणारा त्यांवर क्रमांक घालतो, घेणारा पोच देतो, आणि पोच वेळेत न आली तर तेच पुडके पुन्हा पाठविले जाते. वाटेवर गर्दी दिसली तर पाठविण्याचा वेगही कमी केला जातो. विश्वासार्हता रस्त्यात नसते. ती दोन्ही टोकांच्या दक्षतेत असते.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि तिच्यासाठी एचटीटीपी हा प्रोटोकॉल रचला. टीसीपी जर टपालवाला, तर एचटीटीपी हा पत्राचा मायना. ‘अमुक पान द्यावे’ ही विनंती आणि ‘हे घ्यावे’ अथवा ‘असे पान येथे नाही’ हे उत्तर, एवढेच त्याचे काम. पुडके हरवले की नाही याची चिंता मायना करीत नाही, आणि टपालवाला पत्र उघडून वाचीत नाही. कामाच्या या वाटणीमुळेच दोघांचा संसार इतकी वर्षे सुखाने चालला.

तथापि संसारात कुरबुरी असावयाच्याच. आपल्या गणेशोत्सवाची वीस छायाचित्रे एका पानावर आहेत असे समजा. आरंभीच्या एचटीटीपीत प्रत्येक चित्रासाठी नवी जोडणी करावी लागे, आणि प्रत्येक जोडणीपूर्वी ‘आहात का?’, ‘आहे, तुम्ही आहात ना?’, ‘आहे’ असा तिहेरी नमस्कार होई. १९९७ सालच्या सुधारणेने एकच जोडणी उघडी ठेवून तीवरून अनेक वस्तू मागण्याची रीत रूढ केली. २०१५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने विसाही चित्रे एकाच जोडणीवरून एकत्र आणण्याची सोय केली. परंतु टीसीपी क्रमाचा कट्टर अभिमानी! एका चित्राचे एक पुडके हरवले, तर उरलेल्या एकोणीस चित्रांची नंतर पोहोचलेली पुडकीही तो दाराशी अडवून धरतो.

ही अडचण दूर करण्यासाठी क्विक नावाचा नवा वाहतूक प्रोटोकॉल आला. तो २०२१ साली प्रमाणित झाला, आणि २०२२ साली त्यावर आधारलेली एचटीटीपीची तिसरी आवृत्ती प्रमाणित झाली. १९८० सालच्या यूडीपी या अत्यंत साध्या टपालावर तो उभा आहे. तो प्रत्येक चित्राचा हिशेब स्वतंत्र ठेवतो. एकाचे पुडके हरवल्याने दुसरे अडत नाही. ओळख आणि गुप्ततेचा करार यांसाठी पूर्वी वेगवेगळ्या फेऱ्या होत. क्विक त्या एकाच फेरीत उरकतो.

त्याचा आणखी एक गुण मला, एका बदलीच्या नोकरीतील माणसाला, फार भावला. टीसीपी जोडणी ओळखतो ती दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून. घरातील वायफाय सोडून आपण रस्त्यावर आलो, फोनचा पत्ता बदलला, की ती जोडणी तुटते. क्विक जोडणीला पत्त्याहून निराळा असा स्वतःचा ओळखक्रमांक देतो. पत्ता बदलला तरी संभाषण खुंटत नाही. कार्यालय दुसऱ्या इमारतीत गेले तरी फाइल क्रमांकावरून पत्रव्यवहार चालू राहतो, तसेच हे.

मित्रहो, आपणां सर्वांचे पत्ते बदलले. काहींचे आजोबांच्या काळी, काहींचे गेल्या वर्षी. पन्नास वर्षे या मंडळाने पत्त्याहून निराळी अशी आपली ओळख जपली. पण यंत्रांनी शिकविलेला धडा हाही आहे की, जोडणी टिकते ती पोच देणाऱ्यामुळे. गावाकडून येणारा निरोप आता क्षणात फोनवर उमटतो. आपण तो वाचतो आणि फोन खिशात ठेवतो. तिकडे कोणी म्हातारे माणूस वाट पाहत असते. आज घरी गेल्यावर त्यांना दोन शब्द अवश्य कळवा : पत्र पावले.