पर्यावरणाचा अभ्यास आणि मधले दोन महिने

(सदाशिव पेठेतील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांच्या परीक्षा संपल्या, आंब्याच्या पेट्या घरात आल्या, की पेठेतील घराघरांत पुढील वर्षीच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. पूर्वी ही चर्चा केवळ मुलांच्या प्रवेशापुरती असे. अलीकडे तिच्यात एक नवा स्वर मिसळला आहे. मुले मोठी झाल्यावर थोडी उसंत मिळालेली गृहिणी, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ, नोकरी सांभाळून दुसरी वाट शोधणारा तरुण, असे सारेच आता पुन्हा विद्यार्थी होऊ पाहतात. त्यांच्यापैकी काहींची दृष्टी पर्यावरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळते. वर्ग घरातील संगणकावर, पाठ्यसामग्री हाताशी, परीक्षा सहा महिन्यांनी. सत्र जुलैचे. म्हणजे निर्णय आणि आरंभ यांच्यामध्ये वैशाख-ज्येष्ठाचे दोन महिने मोकळे राहतात. ते कसे वापरावेत, एवढाच आजचा विषय आहे.

घरबसल्या पदवी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम १९६२ साली सुरू केले. योगायोग असा की, याच वर्षी याच पेठेत डॉ. अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष मानले. मात्र ही समकक्षता आयोगाची मान्यता असलेल्या संस्थेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच आहे. म्हणून पहिले काम जाहिरात वाचण्याचे नसून आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आपली संस्था, आपला अभ्यासक्रम आणि आपले सत्र, ही तिन्ही नावे तपासण्याचे आहे. पूर्णतः ऑनलाइन आणि दूरस्थ यांतील भेदही समजून घ्यावा. प्रयोगशाळा लागणारे विज्ञानाचे अभ्यासक्रम बहुधा दूरस्थ पद्धतीने चालतात आणि प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर जावे लागते. शुल्क भरल्यावर हे कळले, तर मनस्तापच पदरी पडतो.

दुसरी अडचण मनातली असते. 'आपण तर कला शाखेचे, आपल्याला हे झेपेल का?' या धास्तीने कित्येक अर्ज भरले जाण्यापूर्वीच बाजूला ठेवले जातात. वास्तविक मुक्त विद्यापीठाच्या पर्यावरण अभ्यास या विषयातील एम.ए.ला कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश मिळतो. त्याहूनही मोठा आधार पुण्याच्याच इतिहासात आहे. प्रकाश गोळे हे मूळचे अर्थशास्त्राचे अभ्यासक. पक्ष्यांच्या निरीक्षणातून ते परिसर-विज्ञानाकडे वळले, लडाखमधील काळ्या मानेच्या क्रौंचांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. या संस्थेच्या अभ्यासक्रमातून गृहिणी, अभियंते, वास्तुरचनाकार, शिक्षक अशी नाना क्षेत्रांतील माणसे घडली. गोळे यांचे २०१३ साली निधन झाले. वर्गात सांगितलेली गोष्ट नदीकाठी, डोंगरउतारावर जाऊन पाहिल्याखेरीज ती शिकवून झाली असे ते मानीत नसत. इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले, तेव्हा त्याचे पाठ दूरचित्रवाणीवरून दिले जात. तरीही विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र बोलावून प्रयोगशाळेत आणि क्षेत्रावर काम करायला लावण्याची प्रथा त्या विद्यापीठाने पाडली. घरी बसून शिकविण्याचा ज्यांनी जगाला धडा घालून दिला, त्यांनाही घराबाहेर पडणे टाळता आले नाही.

येथेच या दोन महिन्यांचे खरे प्रयोजन आहे. जुलैपासून पडद्यावर ॲमेझॉनचे अरण्य येईल, ध्रुवप्रदेशातील बर्फ येईल, युरोपातील नद्या येतील. आपल्या पेठेचे पाणी मात्र त्यात येणार नाही. ते आधीच शिकून ठेवले, तर पुढील प्रत्येक धडा टांगायला एक खुंटी मिळते. नाहीतर दोन वर्षे केवळ व्याख्या पाठ होतात.

उदाहरण म्हणून अशी कल्पना करू या. पेठेतील जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत राहणारी, वाणिज्य शाखेची पदवीधर असलेली एक चाळिशीची गृहिणी जुलैत प्रवेश घेणार आहे. तिने पहिल्या आठवड्यात कोणते पुस्तक उघडावे? कोणतेच नाही. तिने घराचा पत्ता वाचावा. सदाशिव पेठेत आजही 'हौदाजवळ' ही खूण सांगितली जाते. हौद म्हणजे नळाने येणाऱ्या पाण्याचा सार्वजनिक साठा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावांतून भुयारी नळाने शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले गेले, आणि वाटेवरील हौदांतून ते नगरवासीयांना मिळू लागले. कात्रज उंचावर, शहर सखल, मधे एकही पंप नाही. पाणी केवळ उताराने वाहत आले. पाण्याचा वेग, गाळ बसण्यासाठी केलेली योजना, डोंगरातील पाणलोट, या साऱ्या गोष्टी अभ्यासक्रमात जलव्यवस्थापन या भारदस्त नावाखाली येतील. त्यांचा आद्य धडा तिच्या घराच्या पत्त्यातच दडलेला आहे.

याच कात्रजच्या डोंगरातून आंबिल ओढा येतो. पूर्वी तो शहराच्या वस्तीतून वाहत असे. पेशवाईत त्याचा प्रवाह पर्वतीच्या बाजूला वळविण्यात आला आणि जुन्या पात्राच्या आसपास वस्तीला जागा मिळाली. पेठ वाढली ती अशा रीतीने ओढ्याला बाजूला सारून. या गोष्टीला पावणेतीनशे वर्षे होत आली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या परिसरात कोसळलेला पाऊस याच ओढ्यातून खाली आला. काठच्या वसाहतींत पाणी शिरले, भिंती पडल्या, मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहून गेल्या. पुणे आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पाऊस मोठा होता हे खरेच. परंतु ओढ्याचे पात्र किती उरले होते, काठावर काय बांधले गेले होते, डोंगरउतारावर पाणी मुरायला माती किती शिल्लक होती, हे प्रश्न पावसाचे नाहीत, माणसांचे आहेत. पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे झाडे लावण्याचा उत्सव अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी कात्रजच्या तलावापासून दांडेकर पुलापर्यंत मे महिन्यातील एखाद्या सकाळी या ओढ्याच्या कडेकडेने चालून पाहावे. कोठे पात्र अरुंद होते, कोठे सांडपाणी मिसळते, कोठे राडारोडा टाकला आहे, हे वहीत टिपावे, तारखेसह. हीच फेरी जुलैत आणि पुन्हा सप्टेंबरात करावी. प्रकल्प-अहवालाचा विषय शोधत बसण्याची वेळ मग येणार नाही.

वहीसंबंधी एक कटू गोष्ट सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षणाविषयी निर्देश दिले. त्याचा पाठपुरावा होऊन २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना हा विषय अनिवार्य झाला. आयोगासाठी त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. पुस्तक चांगले, हेतू उत्तम. परंतु किती प्रकल्पवह्या आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरविल्या गेल्या, हे घरोघरी ठाऊक आहे. पदव्युत्तर वर्गात जाताना ती सवय दाराबाहेर ठेवावी लागते.

आता थोडे गणित. यालाच लोक घाबरतात, आणि उन्हाळ्यात जो याला सामोरा जातो त्याचे निम्मे ओझे उतरते. विषयाला लागणारे गणित फार अवघड नाही. सरासरी, टक्केवारी, प्रमाण विचलन, आलेख वाचणे आणि लॉगरिथम एवढे पुरे. यांत लॉगरिथम समजला नाही, तर मोठी फसगत होते. पाण्याचा सामू सातवरून सहावर आला, तर आम्लता थोडीशी वाढली असे वाटते. प्रत्यक्षात ती दहापट झालेली असते. ध्वनीचेही तसेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. पंचावन्नचे पंच्याहत्तर होणे म्हणजे आवाजाची ऊर्जा शंभरपट होणे. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर उभे राहणाऱ्याला हे गणित कानांनी कळते, कागदावर ते कळण्यासाठी आठवीचे पुस्तक पुन्हा उघडावे. त्यात लाज कसली?

परदेशी पुस्तके वाचताना आणखी एक खबरदारी घ्यावी. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात, यावरून प्रदूषण मोजतात. त्यालाच बीओडी म्हणतात. पाश्चात्त्य ग्रंथांत ही चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवून केलेली असते. आपल्याकडे हवा उष्ण, म्हणून २७ अंशांवर तीन दिवसांची पद्धत रूढ आहे. स्नानयोग्य पाण्यात हे प्रमाण लिटरला तीन मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आपला मानक सांगतो. मुठेच्या पाण्याविषयी बातमी वाचताना हा एक आकडा लक्षात असला, तरी बातमी निराळी दिसू लागते.

कला शाखेच्या माणसाकडे विज्ञानाच्या पदवीधराकडे नसलेली एक शिदोरीही असते. ती म्हणजे कागद वाचण्याची सवय. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत आहे. नद्या, ओढे, बागा, विहिरी यांचे जुने उल्लेख ज्याला शोधता येतात, मोडी ज्याला वाचता येते, त्याला पर्यावरणाच्या इतिहासात मोठे काम आहे. मोडी येत नसेल, तर शिकावी. आणि देवरायांकडे पाहावे. देवाच्या नावाने राखलेल्या या वनांत जाऊन डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी तेथील वनस्पतींची नोंद केली आणि १९७६ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. आजी सांगते ती गोष्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञाची यादी या दोन्हींची गाठ तेथे पडली. श्रद्धेने काय राखले हे मोजून दाखविता आले, म्हणून जगाने ते ऐकले.

सर्वांत कठीण तयारी मात्र घरातील आहे. मुक्त विद्यापीठाच्या हिशेबात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा एक विषय म्हणजे १२० तास. सहामाहीत असे चार विषय घेतले, तर ४८० तास. सव्वीस आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला साडेअठरा तास, म्हणजे रविवार धरूनही दररोज सुमारे पावणेतीन तास. सकाळचा डबा, मुलाची शिकवणी, सासूबाईंची औषधे, पाहुणे, श्रावणातील सणवार यांमधून हे पावणेतीन तास कोठून येणार? ते आपोआप निघत नाहीत, कोणीतरी ते काढून द्यावे लागतात. दूरस्थ शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्यांना बुद्धी कमी पडत नाही, बहुधा हे तास कमी पडतात. म्हणून मे महिन्यातच घरातल्यांनी एकत्र बसून कोणते काम कोण उचलणार, हे ठरवावे. पतीने संध्याकाळचा स्वयंपाक आठवड्यातून तीन दिवस करावा, हे या पेठेत अजून सहज बोलले जात नाही. बोलावे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करण्याची सवलत या विद्यापीठात आहे, हेही जाणून असावे. सवलत घेण्यात कमीपणा नाही.

घरातील वडीलधाऱ्यांनाही या अभ्यासात स्थान आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याबरोबर खडकवासल्याचे धरणही गेले आणि पूर ओसरल्यावर शहर नळाच्या पाण्यालाच मुकले. त्या वेळी शाळेत असलेले आजोबा आज ऐंशीच्या घरात आहेत. सूनबाईने कागद-पेन घेऊन त्यांच्यापुढे बसावे. "मामंजी, तेव्हा पाणी कोठून भरत होतात?" एवढे विचारले, तरी दुपार पुरत नाही. कोणत्या वाड्याची विहीर गोडी होती, रांग कोठवर जाई, हे आणखी काही वर्षांनी सांगणारे कोणी उरणार नाही.

राहिला संगणकाचा सराव. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरील व्याख्याने आणि २०१७ पासून चालू असलेले स्वयम् हे शासनाचे व्यासपीठ विनामूल्य पाहता येते. जूनमध्ये एखादी व्याख्यानमाला पुरी करून पाहावी. इंग्रजी कानाला सरावते, टिपणे कशी काढायची ते कळते, आणि पडद्यासमोर आपले चित्त किती वेळ स्थिर राहते याचाही उलगडा होतो. बहुतेकांचा अंदाज येथे चुकतो. स्वाध्याय वेळेत देण्याची सवयही याच काळात लावावी, कारण त्यांना ३० टक्के गुण असतात आणि ते दिल्याशिवाय सत्रान्त परीक्षेला बसता येत नाही.

मृगाचा पाऊस येण्यापूर्वी गच्चीवर सरळ भिंतींचा, सपाट तळाचा एक डबा ठेवावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. या गच्चीवर वर्षभरात ६५ हजार लिटर पाणी पडते आणि पन्हळीतून गटारात जाते. डब्यातील पाणी रोज सकाळी साडेआठला पट्टीने मोजावे, वहीत लिहावे आणि डबा रिकामा करून पुन्हा जागेवर ठेवावा. घरातील मुलाला हे काम द्यावे. तो एकही दिवस चुकवीत नाही.