एका खारीसाठी दुसरी खार

आज जाऊया वेल्समधल्या अँगलसी बेटावर. १९९८ साली तिथे लाल खारी उरल्या होत्या जेमतेम चाळीस. कारण? अमेरिकेतून ब्रिटनमध्ये आणलेल्या करड्या खारी. त्यांच्यातला स्क्विरलपॉक्स विषाणू त्यांना सहसा काही करत नाही, लाल खारीला मात्र मारतो. मग लोकांनी पिंजरे लावून करड्या खारी पकडल्या, मारल्या. लाल खारी नव्याने सोडल्या. आज त्या शेकड्यांनी आहेत. पण पूल ओलांडून करडी खार पुन्हा येऊ शकते, म्हणून पहारा चालूच.

मी रोज कोडमधले बग उडवतो, काहीच वाटत नाही. इथे मात्र समोर जिवंत जीव, आणि त्याला आणलं माणसानंच! मला जमलं असतं हे? खरंच माहीत नाही. तुम्हाला? व्हॉइस नोट पाठवा.