युनियनचा माणूस कोणाचा?



आपल्या रत्नागिरीतली किती घरं मुंबईच्या गिरण्यांवर जगली, हे आम्ही सांगायला नको. पण आमच्या माणसाला तिथे विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून स्पृश्य कामगार विटाळ मानीत. आणि पगार तर त्याच खात्यात जास्त!

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं : ही सगळी खाती आमच्या लोकांना उघडी करा, अशी मागणी घाला, नाहीतर आम्ही त्यांना संपात उतरू देणार नाही. पुढाऱ्यांनी नाइलाजाने मागणी घातली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नव्हे. आता बोला! अडवणारे कामगारच होते.

तरी तेच बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, कम्युनिस्टांच्या जोडीने एक दिवसाच्या संपात उतरले. मतभेद होतेच, पण मालकासमोर फूट दाखवायची नव्हती.

आज आपली पोरं लोटे-परशुरामच्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. युनियनचा माणूस पगारवाढीचा करार करून आला, की हार घालण्याआधी त्याला एवढं विचारा : कंत्राटातल्या पोरांचं त्यात काय लिहिलंय?