गाठीचा ब्लॉक मागून घ्या

शिरगावच्या एखाद्या बाईच्या स्तनात गाठ हाताला लागली, की ती आधी पालघरला दाखवते. तिथे सुईने तुकडा काढतात. रिपोर्टमध्ये कॅन्सर आला, की घरची मंडळी डहाणू लोकलची वेळ बघायला लागतात. दादरला उतरायचं आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं. या धावपळीत तो तुकडा मागेच राहतो. आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

त्यातल्या पेशींवर तीन खुणा शोधतात. ईआर आणि पीआर या हार्मोनच्या. त्या असल्या तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या लागू पडतात. तिसरी हर-टू. ती असेल तर ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन. ती अर्धवट, म्हणजे 'टू प्लस' आली तर फिश नावाची आणखी एक तपासणी. मासळीशी तिचा काही संबंध नाही, बरं का! तिन्ही खुणा नसतील तर तो ट्रिपल निगेटिव्ह. हा भारी आडदांड. उलटायचा असला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो, आणि आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

तरी हातपाय गाळायचं कारण नाही. टाटामध्ये डॉ. सुदीप गुप्ता आणि सहकाऱ्यांनी अशा 720 बायकांवर केलेला अभ्यास डिसेंबर 2022मध्ये मांडला. ऑपरेशनआधीच्या केमोला त्यांनी कार्बोप्लॅटिन या जुन्या, स्वस्त औषधाची जोड दिली. पन्नाशीपर्यंतच्या बायकांत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण शेकडा 66वरून 77च्या घरात गेलं. पन्नाशीपुढे तसा फायदा दिसला नाही. म्हणजे खुणांच्या जोडीला वयही बघायचं. आणि औषध ऑपरेशनच्या आधीचं, हे विसरू नका. 'आधी गाठ काढून टाका, मग बघू' ही घाई मला साफ चुकीची वाटते.

दुसरी गोष्ट फॉर्मलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची. काढलेला तुकडा तासाभराच्या आत दहा टक्के फॉर्मलिनमध्ये पडायला हवा. कोरड्या डबीत किंवा सलाइनमध्ये राहिला तर पेशी खराब होतात आणि असलेली खूणही उमटत नाही. मग जिला साध्या गोळीने गुण आला असता, ती त्या गोळीला मुकते.

तेव्हा परळला निघण्याआधी लॅबमधून रिपोर्ट, काचपट्ट्या आणि तो तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक मागून घ्या; खुणा त्यातच शोधायच्या असतात. मागायला संकोच करू नका. आणि ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.